बेडकाने मारलेलं कासव

१

कासव बेडकाच्या हातून मेलं, हे कळल्यावर अर्धा कट्टा खो खो हसला आणि उरलेल्या अर्ध्याचा विश्वासच बसला नाही.

कट्टा म्हणजे तलवारबाजीच्या एका व्हिडिओ गेमच्या खेळाडूंचा ऑनलाइन अड्डा. इथे लोक खेळतात कमी आणि भांडतात जास्त. खेळ अवघड असावा की सोपा? बिल्ड, म्हणजे आपल्या पात्राला वाटून दिलेले गुण, बळाचं बरं की चपळाईचं? खरा खेळाडू कोणाला म्हणायचं? या तीन प्रश्नांवरून तिथे सख्ख्या मित्रांनी एकमेकांची तोंडं पाहणं सोडलं होतं.

त्यातला सगळ्यात जुना भांडखोर कासव. माणूस तो कासव आणि पात्र ते कासव, दोघांचं नाव एकच. पात्राच्या अंगभर लोखंड, हातात दाराएवढी ढाल, सगळे गुण बळात. खेळायचा तो 'एकजीव' पातळीवर. तिथे पात्र एकदा मेलं की कायमचं पुसलं जातं, पुन्हा उठणं नाही. सहा वर्षं ते कासव मेलं नव्हतं. राक्षस झाले, ड्रॅगन झाले, त्यांच्या आयाही झाल्या. आणि मग एका दुपारी, नवशिक्यांच्या दलदलीत, अंगावर लोखंड नाही, हातात ढाल नाही अशा अवस्थेत एका ढब्बू बेडकाने त्याच्यावर उडी मारली आणि कारभार आटोपला.

कट्ट्यावरचे तंटे सोडवायला एक बाई होत्या. सगळे त्यांना पंचबाई म्हणत. पोटासाठी त्या विमा कंपनीत आपटलेल्या गाड्या तपासायच्या. गाडीचा पत्रा कुठून कसा चेपलाय ते बघून मालक किती खोटं बोलतोय हे सांगायचं, हे त्यांचं काम. स्वतः मध्यम पातळीवर खेळायच्या आणि कोणी नाक मुरडलं तर म्हणायच्या, "दिवसभर लोकांचे अपघात बघते रे, घरी येऊन स्वतःचे कशाला करू?"

त्यांना कासवाच्या बहिणीचा फोन आला. तिचा आवाज बसला होता.

"ताई, तो म्हणतो त्याच्या खात्यात कोणीतरी घुसलं आणि मारलं. औषधाने त्याचा डोळा लागला होता तेव्हा. तुम्ही निकाल दिलात तर खेळाची कंपनी ते पात्र परत जिवंत करते ना?"

"घुसखोरी सिद्ध झाली तर करते. आणि घुसखोराचं खातं कायमचं बंद."

"मग करा सिद्ध. हात जोडते. त्या दिवसापासून त्याने अन्नाला तोंड लावलेलं नाही. दूधसुद्धा थुंकून टाकतो. डॉक्टर म्हणतात, हा आजार त्याला थोडे महिने तरी देईल. पण तो ते घेतच नाहीये."

पंचबाईंनी कंपनीकडून आलेली माहिती उघडली. खातं बाहेरून कोणी उघडलंच नव्हतं. कासवाच्या खोलीतल्या त्याच्याच यंत्रावर ते उघडलं होतं.

"त्या दुपारी घरात कोण कोण होतं?"

बहीण म्हणाली, "त्याच्याशिवाय तिघं जणं. त्यातली एक मी."

२

खेळात प्रत्येक एकजीव मरणाचं चित्रण आपोआप साठतं. पंचबाईंनी ते पुन्हा पुन्हा पाहिलं, रस्त्यावरचं अपघाताचं चित्रण पाहावं तसं.

पहिली गोष्ट. मरणाच्या आधी कोणीतरी 'विसरपाणी' वापरलं होतं. ते प्यायलं की पात्र आपले जुने गुण विसरतं आणि सगळे नव्याने वाटता येतात. जन्मात एकदा मिळणारी वस्तू. कासवाने सहा वर्षं ती जपून ठेवली होती आणि "स्वतःला विसरायचं असेल त्याने प्यावं" अशी टिंगलही केली होती. आता सगळे गुण बळातून काढून चपळाईत घातले होते.

दुसरी गोष्ट नमस्काराची. एकजीववाल्यांमध्ये एक रीत होती, कासवानेच पाडलेली. शत्रू समोर आला की आधी ढाल कपाळापर्यंत उचलायची आणि मग लढायचं. चित्रणात बेडूक समोर आला, फुगला, आणि कासवाने डावा हात वर केला. हातात काहीच नव्हतं. हात तसाच वर असताना बेडकाने उडी मारली.

कट्ट्यावर यावर एकमत होतं, आणि कट्ट्यावर एकमत होणं हीच मुळात चिंतेची बाब. मारणाऱ्याने मारता मारता कासवाची नक्कल केली, वर वाकुल्या दाखवल्या, असं सगळे म्हणत होते. पंचबाईंनाही आधी तसंच वाटलं.

तिसरी गोष्ट दिसली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. चपळाईत इतके, दमात इतके, नजरेत इतके, नशिबात एकही नाही. गुणांची ही वाटणी त्यांनी आधी पाहिली होती. प्रत्येकाच्या बिल्डला प्रत्येकाच्या हस्ताक्षराचं वळण असतं, आणि हे वळण कट्ट्यावर एकाचंच होतं. वीज. कासवाचा जन्माचा वैरी. आणि बहिणीने सांगितल्याप्रमाणे त्या दुपारी घरात आलेला तिसरा माणूस तोच होता.

३

वीज छापखान्यात होता. यंत्राचा खडखडाट एवढा, की पंचबाईंना दोनदा ओरडून नाव सांगावं लागलं. शाईने काळे झालेले हात पुसत तो बाहेर पायरीवर येऊन बसला. काडीपैलवान माणूस, कट्ट्यावर मात्र हत्तीच्या आवेशात बोलणारा.

"मी मारलं त्याला?" तो म्हणाला. "पंचबाई, डोकं फिरलंय का तुझं? तो मेल्यावर मी भांडू कोणाशी?"

"त्या दुपारी गेला होतास ना तिथे?"

"गेलो होतो. फळं घेऊन. माणूस आजारी आहे, जाऊ नको?"

"सहा वर्षांत कधी गेला नाहीस तो?"

पंचबाईंनी फोनवर ती वाटणी दाखवली. त्याने पाहिली आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"हे माझं आहे," तो म्हणाला. "पण हे मी नाही केलं. मी शपथ घेतली होती, पंचबाई. बोललो तर शपथ मोडते."

"आणि नाही बोललास तर तुझं खातं जातं. चार वर्षांचं पात्र जातं."

वीज बराच वेळ अंगठ्यावरची शाई खरवडत बसला. मग म्हणाला, "त्याने बोलावलं होतं मला. मी गेलो तर इकडचं तिकडचं काही नाही, एकदम म्हणाला, तुझं बिल्ड सांग. खरे आकडे सांग. कोणाला कळता कामा नये. मला वाटलं, माझी सालटी काढणारा लेख लिहितोय. म्हटलं, लिही लेका, तेवढंच तुझं मन रमेल. सगळं सांगितलं आणि निघालो. मी निघालो तेव्हा तो जागा होता."

"हे कोण सांगेल?"

"तो सांगेल. विचार त्याला."

"तो म्हणतो तू आलास तेव्हा तो झोपलेला होता."

विजेने पंचबाईंकडे असं पाहिलं, की जन्मभराच्या शत्रूने असा वार करावा याचंच त्याला वाईट वाटत असावं.

"एवढा खाली उतरला?" तो हळूच म्हणाला. मग उठला, पण जाता जाता वळला. "त्याचं त्याला भोवलंय, एवढं खरं. तो कौल आठवतो ना तुला?"

पंचबाईंना आठवत होता. कट्ट्यावर कोण विसरेल?

४

तीन वर्षांपूर्वी कंपनीने 'चिकटती ढाल' आणली होती. एकदा बटण दाबलं की ढाल वर चिकटून राहायची, बोट दाबून धरायला नको. ज्यांचे हात दुखतात, बोटं नीट चालत नाहीत, त्यांची सोय. कासवाने रान पेटवलं. एकजीव पातळीवर ही भीक नको, म्हणाला. ढाल ज्याला पेलत नाही त्याने बाहुल्या खेळाव्यात. अशा लोकांना त्याने नावही ठेवलं, 'चिकटू'. ते नाव इतकं चाललं, की नंतर कट्ट्यावर कोणालाही अपमान करायचा झाला तर आईबापांचा उद्धार करण्याऐवजी लोक 'चिकटू' म्हणू लागले.

कौल घेतला, कासव जिंकला. एकजीवमधून चिकटती ढाल गेली. वर त्याने आणखी एक मागणी केली. काही महाभाग बटणाला रबर बांधून ढाल वर ठेवतात, त्यांचाही बंदोबस्त करा. बटण फार वेळ दाबलेलं राहिलं तर ढाल आपोआप पडली पाहिजे. कंपनीचं काम, कुंभकर्णाची झोप. ती मागणी तीन वर्षं पडून राहिली आणि अगदी गेल्या महिन्यात पुरी झाली.

त्या वेळी कासव कोण होता, हेही सांगायला हवं. चष्म्याची भिंगं घासणारा कारागीर, केसाएवढी चूक बोटाला कळायची. आजार नंतर आला. आता दुकानात बहीण बसत होती.

पंचबाई घरी गेल्या तेव्हा बहीण स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर वाटीत पातळ खिमट निवत होतं. चमच्याच्या दांड्याला जाड फोम गुंडाळलेला.

"मला तो खेळ डोळ्यासमोर नको असतो," ती आपण होऊन म्हणाली. "एकदा बंद करून टाकीन, असं मी दहा वेळा म्हटलंय. शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल. पासवर्ड माझंच लाडाचं नाव आहे. म्हणजे संशय माझ्यावरच यायला पाहिजे, नाही?"

"तुम्ही केलंत?"

"मी त्या दुपारी मधल्या सुट्टीत आले, त्याला औषध दिलं आणि दुकानात परत गेले. पण ताई, माझ्यावर घालून तो परत येणार असेल तर घाला. माझं तर खातंच नाही. बंद काय करणार?"

खोटं बोलून सुटायला बघणारी माणसं पंचबाई रोज बघायच्या. खोटं बोलून अडकायला निघालेलं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

दिवसभर कासवाचं सगळं करणाऱ्या मावशी भांडी विसळत होत्या. पंचबाईंनी त्यांना विचारलं, "मावशी, त्यांचं ते खेळायचं यंत्र तुम्ही कधी हातात घेता?"

"रोज पुसते की. आणि आधी रबर लावून द्यायचे."

"कसलं रबर?"

"भाजीच्या जुडीचं. डावीकडच्या बटणाला दोन वेढे द्यायचे. त्यांना स्वतःला जमत नव्हतं ना. वर्षभर रोज लावलं. म्हणायचे, मावशी, हे कोणाला सांगायचं नाही हां." त्यांनी हात पुसले. "गेल्या महिन्यात एक दिवस म्हणाले, आता नको. ढाल पडते. आणि रडले, बाई. मला वाटलं, खेळापायी माणूस कशाला रडतंय?"

बहिणीने तोंडावर हात ठेवला. पंचबाई उठल्या. अपघात कसा झाला ते त्यांना आता कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

५

कासव खिडकीशी कलत्या खुर्चीत होता. ज्या माणसाला कट्टा वचकून असायचा तो एवढासा होता, मानेखाली उशी, मांडीवर दोन हात कोणीतरी आणून ठेवल्यासारखे.

"तुम्हाला थोडं विचारायचं होतं," पंचबाई म्हणाल्या.

"कट्ट्यावर तू म्हणतेस," तो म्हणाला. शब्द एकेक करून येत होते. "इथे आदर कसला? मेल्यावर करतात तसा?"

"बरं, तू. मग ऐक. घुसखोराला कासव मारायचंच होतं तर त्याने काय केलं असतं? कड्यावरून चालत नेलं असतं. एका मिनिटाचं काम. तो आधी विसरपाणी कशाला पाजेल, एकेक गुण मोजून कशाला वाटेल? ज्याचा गळा कापायचाय त्याला कोणी नवे कपडे शिवत नाही."

कासवाने नजर खिडकीकडे वळवली.

"ते बिल्ड विजेचं. म्हणून सगळे म्हणणार, वीजच. पण वीज आयुष्यात शत्रूला नमस्कार करत नाही. त्याला तो नाटक म्हणतो. तुझी बहीण खेळत नाही, मावशींना तलवार कुठल्या बाजूने धरतात ते माहीत नाही. नमस्कार या घरात एकच माणूस करतो. सगळ्यांना वाटलं ती नक्कल. नक्कल नव्हती. ती सवय होती. बेडूक समोर आला आणि तू ढाल वर केलीस. ढाल नव्हती."

खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं. कासव ते ऐकत राहिला.

"ढाल धरायला बोटात जोर लागतो, तो राहिला नाही," पंचबाई हळू म्हणाल्या. "रबरावर वर्ष काढलंस. तुझीच मागणी पुरी झाली आणि रबरही गेलं. मग ढालच नको असं बिल्ड शोधलंस. वैऱ्याला घरी बोलावून शिकलास. दलदलीत गेलास, कारण तिथे कोणी ओळखीचं भेटत नाही."

"त्या बिल्डला बोट चपळ लागतं," कासव म्हणाला. "माझं तेही नाही. विजेने हे सांगितलं नाही, गाढवाने. त्याला सुचलंच नसेल. असतात बोटं, तेव्हा कोणाला सुचतं?"

६

"घुसखोरी लिही," तो थोड्या वेळाने म्हणाला.

"मग गुन्हेगार कोण लिहू?"

"कोणीही."

"कोणीही नावाचं खातं नाही. कंपनीला बंद करायला खातं लागतं, आणि घरातल्या बाकी कोणाचं ते नाही. उरतो एकच."

कासवाने डोळे मिटले. बहीण दारात येऊन उभी राहिली होती. तिचे डोळे पंचबाईंच्या तोंडाकडे लागले होते. हो म्हणा, एवढंच ते डोळे सांगत होते. एका छापखानेवाल्याचं खेळातलं पात्र एका पारड्यात आणि तिचा भाऊ दुसऱ्यात. पंचबाईंना तिचा राग आला नाही. त्यांनाही क्षणभर तेच करावंसं वाटलं.

"विजेचं पात्र," कासवाने डोळे न उघडता विचारलं, "चांगलं आहे?"

"तुझ्यानंतर तेच."

"नमस्कार करत नाही."

"नाही करत."

"गाढव आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. "नको मग. त्याचं राहू दे. चूक लिही. खेळाडूची चूक."

बहीण खोलीत आली. "अरे, पण मग तुझं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. पंचबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"मध्यम पातळीवर ये," त्या म्हणाल्या. "तिथे चिकटती ढाल आहे. मी तिथेच खेळते. नवं पात्र कर. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"तिथे कोण येईल?"

"तू येशील."

"नाही. हा खुर्चीतला येईल. याला मी रोज बघतो." दम लागला म्हणून तो थांबला. "जिथे हा नव्हता, ती एकच जागा होती."

चेपलेला पत्रा ठोकून सरळ करता येतो, म्हणून पंचबाईंचा धंदा चालतो. इथे ठोकायला काही नव्हतं.

त्या निघाल्या तेव्हा तो म्हणाला, "चूक लिही. बोटांचं लिहू नकोस. रबराचं लिहू नकोस. लोक तो शब्द म्हणतील."

कोणता शब्द, ते त्याने सांगितलं नाही. स्वतःच घडवलेला, पण त्याच्या तोंडून तो बाहेर पडेना.

७

निकाल दोन ओळींचा होता. घुसखोरी झालेली नाही. पात्र खेळाडूच्या चुकीने मेलं, ते परत मिळणार नाही.

कट्ट्यावर जत्रा भरली. इतकी वर्षं ज्याच्यापुढे ब्र काढायची छाती नव्हती, ते सगळे शूर झाले. बेडकाची चित्रं आली, बेडकाचा सत्कार झाला. ज्यांना त्याने कधीकाळी बाहुल्या खेळायला धाडलं होतं, त्यांनी त्याच्यासाठी बाहुल्यांची चित्रं टाकली. आणि मग कोणीतरी सहज, काहीही ठाऊक नसताना, लिहिलं, 'ढालीशिवाय गेला म्हणजे ढाल पेलवत नसणार. कासव चिकटू होता की काय?'

त्याला जितकं हसू मिळालं तितकं कट्ट्यावर आजवर कशालाच मिळालं नव्हतं.

पंचबाईंनी बहिणीला फोन लावला. "त्याला हे दाखवू नका."

"तोच बघतोय," ती म्हणाली. "मी पडदा सरकवतेय. खाली जा म्हणतो, अजून खाली जा म्हणतो."

तेवढ्यात विजेने लिहिलं. त्याला बहुधा सगळं उमगलं होतं, छापखान्याच्या पायरीवर बसल्या बसल्या. एरवी कासवाविरुद्ध पानंच्या पानं लिहिणारा तो, आज एवढंच म्हणाला, 'कासव चिकटू नव्हता. हे मी सांगतोय. पुन्हा कोणी म्हणालं तर गाठ माझ्याशी आहे.'

हसणं एकदम थांबलं. वैऱ्यानेच साक्ष दिली म्हटल्यावर लोकांची जीभ जड झाली. दोघा तिघांनी चोरासारखी आपली बेडकं काढून घेतली. पंचबाईंना वाटलं, चला, निदान एवढं तरी राहिलं. नाव तरी राहिलं त्याचं.

फोन अजून चालूच होता. पलीकडून बहिणीचा आवाज आला, पंचबाईंशी नव्हे, खोलीतल्या कोणाशी तरी. "मी लिहिते ना, सांग मला. अरे, मी लिहिते." मग बराच वेळ नुसता खुर्चीचा आवाज.

कट्ट्यावर विजेच्या खाली कासवाच्या नावाने एक शब्द उमटला.

'होतो.'

"अंगठ्याने लिहिलं," बहीण फोनवर म्हणाली. "मला हात लावू दिला नाही."

"आता काय करतोय?"

"भिंतीकडे वळवून बसवा म्हणाला. यंत्र काढून न्या म्हणाला. मावशी तारा गुंडाळतायत."

"काही खाल्लं?"

वाटी उचलून नेल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

त्या शब्दाखाली कोणीच काही लिहीत नव्हतं. वीजही नाही. निकालानंतर चर्चेला कुलूप लावायचं, हे पंचांचं शेवटचं काम असतं. पंचबाईंनी ते लावलं आणि उद्या सकाळी जी आपटलेली गाडी बघायला जायचं होतं, तिचे कागद पुढे ओढून घेतले.